मिनिटाला अठ्ठ्याहत्तर टक्

आमच्या घरच्या पटदीपात, म्हणजे त्या रागाच्या जुन्या रेकॉर्डमध्ये, एक टक् आहे. रेकॉर्डच्या कडेपासून थेट आतल्या लेबलपर्यंत केसाएवढा तडा गेलाय. दर फेऱ्याला सुई त्यावरून जाते आणि टक् वाजतं. मिनिटाला ७८ फेरे, म्हणून ७८ टक्. तबल्याच्या मात्रेशी ते कधी जुळतं, कधी निसटतं, मग तीनचार आवर्तनांनी पुन्हा गाठ पडते.

तो तडा माझा. १९६९ साली, सहा वर्षांची असताना, सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात मी तो पाडला. रेकॉर्ड गायिका हिराबाई बडोदेकरांची, 'पिया नहीं आये'. लाखेची रेकॉर्ड शहाबादी फरशीवर पडली की एरवी तुकडेच गोळा करायचे. आमची आधी अंथरुणाच्या वळकटीवर पडली, तिथून घरंगळत खाली आली, म्हणून तड्यावर निभावलं. आजीने ती उचलली, खिडकीच्या उजेडात तिरकी धरून पाहिली आणि फोनोवर चढवली. सुई टक् टक् करत पुढे सरकली, अडकली नाही.

"गातेय की," आजी म्हणाली. विषय संपला. फटका मिळाला तो संध्याकाळी, आईकडून.

गेल्या महिन्यात चुलतभावाचा फोन आला. वाडा केव्हाच पडला होता, त्या जागी इमारत झाली होती, आता ती इमारतही पुनर्विकासाला निघाली आहे. (पुण्यात माणसाच्या एका आयुष्यात एकाच जागेची दोनदा वास्तुशांत होते.) तो माळा रिकामा करत होता. "आजीचं एक खोकं आहे, जुन्या रेकॉर्डी दिसतायत. भंगारात देऊ का?" मी जेवणाचं ताट तसंच झाकून ठेवलं आणि रिक्षा पकडली. खोक्यात सात रेकॉर्डी, त्यातल्या चार फुटलेल्या, सुयांची पत्र्याची डबी, आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली आमची पटदीप. फोनो नव्हता. तो काकांनी जुन्या बाजारातल्या एकाला विकला होता, तेव्हा मी कॉलेजात होते. आठवडाभर मी काकांशी बोलले नव्हते. काकांना ते कळलंच नव्हतं.

माझा भाचा निखिल हिंजवडीला नोकरी करतो आणि पगारातला बराचसा भाग नव्या-जुन्या रेकॉर्डींवर घालवतो. त्याच्या टर्नटेबलला दोनच वेग, ३३ आणि ४५. अठ्ठ्याहत्तरच्या खाचाही रुंद असतात, तिथे नव्या रेकॉर्डींची बारीक सुई चालत नाही. वेगळी सुई मागवावी लागली. वेगाचं काय करायचं, तर तो म्हणाला, "मावशी, पंचेचाळीसवर वाजवू, लॅपटॉपवर घेऊ आणि मग एक पूर्णांक त्र्याहत्तर पट वेग वाढवू. सूर आपोआप जागेवर येतो." मी बँकेत पस्तीस वर्षं व्याज मोजलंय, हिशेब पटला.

तर एका रविवारी दुपारी, पटदीपाच्याच वेळेला, तो सगळं सामान घेऊन आमच्याकडे आला. आई शहाऐंशीची आहे. तिला आरामखुर्चीत बसवलं. पंचेचाळीसवर सुई टेकली आणि भिंतीतून यावा तसा जड, घोगरा, पुरुषी आवाज आला.

"हा कोण बाप्या?" आई म्हणाली.

आम्ही तिघंही हसत सुटलो. पण हसणं ओसरल्यावर मला भलतंच काही ऐकू यायला लागलं. त्या मंद वेगात दोन सुरांमधली जागा दिसत होती. आयुष्यभर माझी समजूत अशी, की हिराबाई पटदीपाच्या शुद्ध निषादावर, म्हणजे 'नी'वर, एकदम जाऊन उभ्या राहतात. इतका नेमका तो स्वर. तसं नव्हतं. त्या खालून येत होत्या, अगदी किंचित खालून, आणि स्वराला टेकायच्या आधी क्षणभर आवाज पातळ करत होत्या. डोक्यावरची भरलेली कळशी बाई जमिनीवर ठेवते ना, पाणी न हिंदकळवता, तसा तो स्वर ठेवला जात होता. खऱ्या वेगात हे इतक्या झटकन होतं की आपल्याला फक्त ठेवलेली कळशी दिसते.

त्यांच्या गाण्याला लोक 'सात्त्विक' म्हणतात. दुसरा शब्द 'घरंदाज'. हिराबाईंवरचा कुठलाही लेख उघडा, तिसऱ्या ओळीच्या आत दोन्हींपैकी एक भेटतोच. मला या शब्दांचा कंटाळा आलाय, आणि त्या रविवारनंतर थोडा रागही. कळशी अशी ठेवायला मनगटात बळ लागतं. त्याला सात्त्विक म्हणून सोडून दिलं की मेहनत, डोकं, जिद्द सगळं निरांजनाच्या उजेडात धूसर होतं.

आणि घरंदाज कुठल्या घराचं? हिराबाईंचा जन्म १९०५चा, मिरजेचा. वडील उस्ताद अब्दुल करीम खाँ, किराणा या गायन घराण्याचे. आई ताराबाई माने, बडोद्याच्या सरदार घराण्यातली मुलगी, दरबारातल्या गवयाबरोबर घर सोडून आलेली. पाच मुलं झाली, पुण्यात खाँसाहेबांचं आर्य संगीत विद्यालय चाललं, आणि १९२२च्या सुमाराला ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांची नावं बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू झाले, चंपाकलीच्या हिराबाई झाल्या, सकीनाच्या सरस्वती झाल्या. त्याच पुढे सरस्वतीबाई राणे. लहानमोठी ही भावंडं, नवं नाव, बापाचा आधार गेलेला, आणि अवतीभवती आमचं पुणं. आमच्या पुण्याबद्दल मी जास्त बोलत नाही, मलाही इथेच राहायचंय.

मुलीला गाणं शिकवायचं नाही असं आधी घरात ठरलं होतं, असं सांगतात. ती भावाची तालीम ऐकून ऐकून गायला लागली. मग सुरेशबाबूंनी शिकवलं, आणि पुढे अब्दुल वहीद खाँसाहेबांनी. वहीद खाँना ऐकू कमी येई, म्हणून 'बहिरे वहीद खाँ'. एकेका स्वरावर ठाण मांडून राग तासन् तास उलगडत नेणारे. अशा गुरूची शिष्या रेकॉर्डच्या एका बाजूत, तीन-सव्वातीन मिनिटांत, पटदीप मांडते. काय काय गाळावं लागलं असेल! पण ऐकताना घाई कुठे लागत नाही. मला बँकेत साधं मासिक टिपण एका पानात बसवता यायचं नाही.

आता माझ्या गाण्याची गोष्ट सांगते, ती लहान आहे. आठव्या वर्षी मला शेजारच्या गल्लीतल्या क्लासला घातलं. बाई कडक. पहिल्या दिवशी त्यांनी माझे दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवायला लावले आणि प्रत्येक हातावर दहा पैशांचं एकेक नाणं ठेवलं. ते कंगोऱ्यांचं, ॲल्युमिनियमचं, फुंकरीने उडेल असं हलकं. नाणं पडलं की पुन्हा पहिल्यापासून. "हिराबाई बघा कशा बसतात. हात हलत नाही, तोंड वाकडं होत नाही. चांगल्या घरातल्या मुली अशा गातात." मी मध्यमा पूर्णच्या परीक्षेपर्यंत त्या नाण्यांसकट गायले. परीक्षेला भीमपलास राग आला. भीमपलासात निषाद कोमल. मी आरोहात गेले आणि शुद्ध निषाद घेऊन मोकळी झाले, एकदा नाही, तीनदा. घरात दिवसरात्र पटदीप, दुसरं काय होणार? परीक्षकांनी पेटीवरचा हात काढला आणि विचारलं, "बाळ, आता तू कोणता राग गातेयस?" माझे हात मांडीवर अगदी स्थिर होते. द्वितीय श्रेणी मिळाली आणि मी क्लास सोडला.

आजीला नाण्यांचं मी बऱ्याच उशिरा सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "अगं, त्यांनी हात हलवले असते तरी त्या हिराबाईच राहिल्या असत्या. आणि हलवायच्याच की. नाटकात पाहिलंय मी."

हे मला ठाऊकच नव्हतं. म्हणजे वाचलं होतं, पण जोडलं नव्हतं. १९३०च्या आसपास हिराबाईंनी आणि त्यांच्या भावंडांनी नाटक कंपनी चालवली, नूतन संगीत नाटक मंडळी. 'सौभद्र', 'एकच प्याला', 'संशयकल्लोळ'. बालगंधर्वांची सुभद्रा ज्यांच्या डोळ्यांत बसली होती त्या प्रेक्षकांसमोर बाईची भूमिका प्रत्यक्ष बाईने करायची, तीही पुरुष नटांबरोबर. लोक बोलले. कंपनी चालली, मग बोलपटांचा जमाना आला, कंपनी कर्जात गेली आणि बंद झाली. ते कर्ज हिराबाईंनी जलसे करून करून फेडलं. चांगल्या घरातल्या मुली कशा गातात याचा हाही एक नमुना, पण आमच्या बाई तो सांगत नसत.

तेव्हा माझं म्हणणं असं. रंगभूमीवर हात, डोळे, चाल सगळं वापरणारी बाई मैफलीत येऊन स्तब्ध बसते, तर ते तिने ठरवलेलं असतं. स्वभाव म्हणून किंवा संस्कार म्हणून ते खपवू नका. तोवर बाईचं गाणं म्हणजे अदाकारीसकट, हावभावांसकट गाणं, बड्या लोकांच्या दिवाणखान्यात, त्यांच्या निमंत्रणावर. अदाकारीही कला होती, थोर कला होती, आणि ती मोडीत निघाली याचं मला वाईट वाटतं. ज्या बायकांनी ती जपली त्यांना 'घरंदाज' हा शब्द कुणी दिला नाही. हिराबाईंनी त्यातून फक्त गाणं उचललं आणि व्यासपीठावर आणून ठेवलं. किंमत काय पडेल हे त्या जाणून असणारच. तिकीट लावून जाहीर जलसे करणाऱ्या पहिल्या गायिका म्हणून त्यांचं नाव घेतात.

या तिकिटाचं महत्त्व मला आजीमुळे कळलं. तिचं लग्न १९३१ सालचं, वयाच्या सोळाव्या वर्षी. माहेर वाईचं, तिथे देवळातल्या कीर्तनापलीकडे गाणं नाही. लग्नानंतर काही वर्षांनी आजोबा, जे छापखान्यात कारकून होते, दोन तिकिटं घेऊन आले. पणजीने विचारलं, "बाईचं गाणं ऐकायला बाईमाणसाने जायचं?" आजोबा म्हणाले, "तिकीट आहे, आई. नाटकाचं असतं तसंच." बस्स. त्या कागदाच्या चिटोऱ्याने काम केलं. ज्याने पैसे मोजले तो बसणार, कुणाचा पाहुणा म्हणून नाही आणि कुणाच्या मेहेरबानीने नाही. आत गेल्यावर आजीने पाहिलं, तर बायकांच्या बाजूला जागा नव्हती. समोर नऊवारीतली, अंगभर पदर घेतलेली बाई दोन तंबोऱ्यांच्या मधे बसलेली. आजीला तिच्यात कोण दिसलं असेल तर वाईची तिची मोठी बहीण. "वाटलं, ही आपल्याकडे हळदीकुंकवाला आली तर ओळखू येणार नाही," आजी सांगायची. मग गाणं सुरू झालं आणि आजीने पुढचे दोन तास कुणाकडे पाहिलं नाही.

त्यानंतर तिने पेटी शिकायला घेतली. दुपारी, एक ते चारच्या दरम्यान, घर झोपलेलं असताना, भाता हळू हलवत. त्या पेटीवर तिने चार मुलींना भजनं शिकवली, त्यातली एक माझी आत्या. आत्या पुढे शाळेत संगीतशिक्षिका झाली आणि निवृत्तीवेतन घेऊन गेली. आमच्या खानदानात गाण्यावर निवृत्तीवेतन घेणारी ती एकटीच.

भीमसेन जोशी अकरा वर्षांचे असताना गाण्यासाठी घरातून पळाले, ती कथा पुण्यात रिक्षावालाही सांगतो. त्यामागे अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी रागातली रेकॉर्ड होती. 'पिया बिन नाही आवत चैन'. आजीसारख्या बायकांना पळायची सोय नव्हती. त्याच खाँसाहेबांच्या मुलीची रेकॉर्ड आमच्या माजघरात येऊन राहिली, धान्याच्या डब्यांशेजारी. बापलेकीच्या दोन्ही रेकॉर्डींत पिया आलेला नाही, ही गंमत निखिलने दाखवली. मी साठ वर्षं ऐकतेय, माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

हिराबाईंनी शिकवलंही पुष्कळ. माणिक वर्मा सुरेशबाबू आणि हिराबाई दोघांकडे शिकल्या. प्रभा अत्रेही. प्रभाताई पुण्याच्याच, आईवडील शिक्षण क्षेत्रातले, स्वतः विज्ञान आणि कायदा दोन्हींच्या पदवीधर. ही मुलगी हिराबाईंच्या मागे तंबोऱ्यावर बसून गावोगावच्या मैफलींत साथ करायची. पुढे डॉक्टरेट केली ती सरगमवर, म्हणजे सा-रे-ग-म ही स्वरांची नावंच गाण्यावर, आणि गायल्या मात्र स्वतःचं. मारुबिहाग रागातलं 'जागू मैं सारी रैना' ऐका. त्यात गुरूचा स्वर लावण्याचा ढंग आहे आणि सरगमची लखलख पूर्णपणे त्यांची. भीमसेनजींनंतर कितीतरी वर्षं सवाई गंधर्व महोत्सवाची सांगता त्यांच्या गाण्याने व्हायची. रमणबागेत शेवटच्या रात्री मी शालीत गुरफटून बसलेली असायची, आणि माझं लक्ष हटकून त्यांच्या उजव्या हाताकडे जायचं. स्वर वर निघाला की हात उठायचा, मोकळा, बोटं उघडत. मांडीवर नाणी ठेवलेली कुणीतरी आठ वर्षांची माझ्या आत टाळ्या वाजवायची.

सरस्वतीबाईंबरोबर हिराबाईंनी उतारवयात जोडीने गायन केलं, दोघी बहिणींची जुगलबंदी. ती मी प्रत्यक्ष ऐकली नाही. हिराबाईंनाच मी प्रत्यक्ष ऐकलं नाही, पुण्यात राहून. १९८९च्या नोव्हेंबरात त्या गेल्या तेव्हा मी काउंटरवर होते, शेजारच्या सहकाऱ्याने पेपर पुढे केला. त्यांना पद्मभूषण होतं, हे मला त्या बातमीतून कळलं. संध्याकाळी आजीकडे गेले. ती १९८२ सालीच गेली होती, पण पाय सवयीने वाड्याकडे वळले आणि तिथे पोचल्यावर कळलं की मी कुणाकडे आलेय.

तर रविवार. निखिलने वेग वाढवला आणि बाप्याच्या हिराबाई झाल्या. आई खुर्चीत ताठ बसली. तो म्हणाला, सॉफ्टवेअरने टक् काढता येतं, एका बटणाचं काम आहे. त्याने काढून दाखवलं. मी ऐकलं, चांगलं होतं. त्याला म्हटलं दोन्ही ठेव, एक भावंडांच्या ग्रुपवर टाक, दुसरी मला दे. ग्रुपवर तीन अंगठे आले आणि एका वहिनींची हात जोडलेली आकृती, त्यांनी ऐकलं नसणार.

मग त्याने मूळ रेकॉर्ड पुन्हा एकदा पंचेचाळीसवरच लावली, मला तो निषाद परत ऐकायचा होता म्हणून. गाणं संपलं. सुई आतल्या मोकळ्या खाचेत गेली आणि तिथेच फिरत राहिली. गाणं नाही, तंबोरा नाही, नुसतं टक्. बराच वेळ टक्. टक्. निखिल लॅपटॉपमध्ये, मी खिडकीकडे बघत.

"उचल गं," आई म्हणाली. "सुई झिजते."